जादूचें मोल

मेजाभोंवतीं चार-पांच जणांनीं बसावें, एकानें सूत्रधार व्हावें, बाकीच्यांनीं एकेक पात्राचें सोंग घेऊन फाशांच्या साह्यानें कथा पुढें न्यावी, असा जो भूमिकांचा खेळ अमेरिकेंत १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें छापून निघाला, तो आतां आमच्या कांहीं वाचकांच्या घरांतही पोंचला असेल. या खेळासाठीं स्वतः नियम रचणाऱ्या तरुणांचा एक वर्ग आहे, आणि त्या वर्गांत एक मत बरेंच प्रतिष्ठा पावलें आहे. तें असें कीं, जादू वापरणाऱ्या भिडूला कोठेंही अडवूं नये. अडविलें कीं रसभंग झाला. हें मत आम्हांस सर्वस्वी चुकीचें वाटतें.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनीं हा खेळ रचला तेव्हां जादूची कल्पना जॅक व्हान्स या कादंबरीकाराकडून उसनी घेतलेली होती. व्हान्सच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकांतील मांत्रिक मोजकेच मंत्र मोठ्या कष्टानें डोक्यांत सांठवितो, आणि मंत्र उच्चारला कीं तो त्याच्या स्मृतींतून पुसला जातो. (खेळांतील ‘वेक्ना’ या मांत्रिकाचें नांव म्हणजे रोमन लिपींतील ‘व्हान्स’चींच अक्षरें फिरविलेलीं.) पहिल्या पायरीवरील जादूगारास दिवसाला एकच मंत्र, असा त्या वेळचा कडक नियम होता. त्याची टवाळी करणारे विचारतात, शिकलेली विद्या माणूस विसरेल कसा? ज्यांच्या घरीं महाभारत वाचलें जातें त्यांनीं तरी हें विचारूं नये. परशुरामाच्या शापामुळें कर्णाला ब्रह्मास्त्र ऐन वेळीं आठवलें नाहीं. कवचकुंडलें देऊन मिळविलेली वासवी शक्ति एकदांच वापरतां येणारी होती. ती त्यानें अर्जुनासाठीं राखून ठेवली आणि रात्रीच्या युद्धांत घटोत्कचावर खर्चावी लागली. सकाळीं ती पुन्हां भात्यांत येण्याची सोय असती, तर त्या प्रसंगांत काय उरलें असतें?

पुढील आवृत्त्यांनीं ही गांठ सैल केली. २००८ च्या चौथ्या आवृत्तींत कांहीं मंत्र वाटेल तितक्या वेळां टाकतां येऊं लागले; २०१४ च्या पांचव्या आवृत्तींतही किरकोळ मंत्रांची मोजदाद नाहीं. अग्निबाण सोडणें हें विडी पेटविण्याइतकें सोपें झालें. दुसरे कांहीं जण शक्तीचे गुण मोजतात व त्यांस ‘माना’ म्हणतात. हा शब्द मूळ पॅसिफिक बेटांवरील लोकांचा. लॅरी निव्हन यांनीं १९६९ च्या एका कथेंत तो घेतला, तेव्हां तेथील माना संपली कीं संपली. ती भूमि जादूला मुकली. खेळांत मात्र एक झोंप काढली कीं भांडें पुन्हां भरतें. याला आम्ही किंमत म्हणत नाहीं. ही दिव्यांतल्या तेलाची वही झाली.

याच्या उलट, जादू गूढ असते, तिला नियमच नकोत, त्या त्या वेळीं सूत्रधार ठरवील, असें म्हणणारेही आहेत. यांना मेजावरील इतर भिडूंची आठवण नसते. एका परिचिताच्या घरीं आम्ही असा डाव पाहिला. सर्वांत धाकटा मुलगा कुलपें उघडण्यांत तरबेज अशा चोराचें सोंग घेऊन बसला होता. पहिलें बंद दार आलें. त्यानें फासे उचलले, तोंच जादूगार झालेल्या दादानें एका शब्दांत दार उघडलें. पुढें खंदक आला, दादा उडाला. सूत्रधार भला गृहस्थ होता, मागेल त्याला देत होता. आणि नियम नसले कीं मोठ्यानें मागणाऱ्यालाच मिळतें. तासाभरानें तो मुलगा आपल्या फाशांचा मनोरा रचीत बसला होता. त्याला कोणीं दुखविलें नव्हतें. त्याची कोणास गरजच उरली नव्हती.

ज्यांनीं या प्रश्नाला तोंड दिलें असे रचनाकारही आहेत. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’मध्यें मंत्र म्हणणाराची मनःस्वस्थता कमी कमी होत जाते व शेवटीं वेड लागतें, त्या जगांत निषिद्ध ज्ञान हाच विनाश, म्हणून ही किंमत कथेंतूनच उगवलेली वाटते. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’मध्यें जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांनीं पांच लॅटिन क्रियापदें व दहा नामें दिलीं. ‘निर्माण करणें’ याला ‘अग्नि’ जोडला कीं ज्वाळा. ‘जाणणें’ याला ‘मन’ जोडलें कीं परचित्तज्ञान. व्याकरण हीच जादू! पाणिनीचा अभिमान मिरविणाऱ्या आम्हांला हें आधीं सुचूं नये, याची थोडी लाज वाटते. परंतु त्याहूनही त्या दोघांची कबुली आम्हांस आवडते. मांत्रिक इतरांहून प्रबळ आहे, हें ते लपवीत नाहींत. म्हणून प्रत्येक भिडूनें एक मांत्रिक व एक साधा सोबती अशीं दोन पात्रें बाळगावीं, पहारेकरी सर्वांचे सामायिक असावे, आणि मांत्रिक होण्याची पाळी आळीपाळीनें यावी, अशी त्यांची योजना आहे.

विरंगुळ्याच्या खेळांत इतका हिशेब कशाला, असा आक्षेप येईल. बुद्धिबळांत वजीर सर्व दिशांनीं धांवतो, पण गेला कीं गेला. (प्याद्याचा वजीर होतो ती गोष्ट निराळी; तेथेंही सारा पट ओलांडावा लागतो.) त्या भीतीमुळेंच वजीर उचलतांना हात क्षणभर थांबतो, आणि तो थांबणें हाच त्या खेळाचा आनंद आहे.

परवां एका होतकरू तरुणानें आपली चाळीस पानांची नियमांची वही आम्हांस वाचावयास दिली. मंत्र खरोखर सुंदर होते. एक तर पावसाला जमिनीकडून आभाळाकडे पाडणारा होता. हें सारें करतांना जादूगार काय गमावतो तें पान कोठें आहे, असें आम्हीं विचारलें. तें अजून लिहावयाचें आहे, असें उत्तर मिळालें. आम्हीं वही परत केली व तें पान आधीं लिहून आणावयास सांगितलें.