खोक्यावरचे वॉट

दोस्तांनो, घरी होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचं चाललंय? मग आईबाबांबरोबर दुकानात तुम्हीही जा. टीव्हीचा आवाज घेऊन तो पाच स्पीकर आणि एका सबवूफरला वाटून देणारा हा डबा. म्हणूनच त्यावर ५.१ लिहिलेलं असतं.

दुकानदार आधी वॉट सांगेल. "हा ५० वॉटचा, तो १००चा. दुप्पट आवाज!" इथे जरा थांबा. वॉट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे दहापट वॉट! मग त्या ५० वॉटांसाठी जास्तीचे पैसे का मोजायचे?

आता खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'पीएमपीओ'चा भलामोठा आकडा सोडून द्या; तो फार तर क्षणभराचा जोर. 'आरएमएस' बघा. तोही एकच स्पीकर चालवून मोजलाय, की सगळे? एकाला १०० वॉट देणारा डबा पाचही स्पीकर गाजू लागले की प्रत्येकाला तेवढे देईलच असं नाही. कारण आतला वीजपुरवठा सगळ्यांत मिळून एकच असतो.

आणखी दोन गोष्टी तपासा. तुमचे स्पीकर किती ओहमचे आहेत, आणि तेवढे रिसीव्हरला चालतात का? टीव्ही आणि रिसीव्हर, दोन्हींवर 'एआरसी' लिहिलेली एचडीएमआयची जागा आहे का?

वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. आणि हो, शेजारच्या ताईची परीक्षा असेल, तर आवाजाचं बटण डावीकडेच बरं!