उजेड अम्मीच्या चेहऱ्यावरही पडू द्या

ईदच्या दिवशी आपल्या घरांत फोटोंचा पाऊस पडतो. नवे कुर्ते, शीरखुर्म्याच्या वाट्या, गळाभेटी. अम्मी आणि दादी मात्र त्यात शोधाव्या लागतात. सापडल्या तरी फ्लॅशने पांढऱ्याफटक झालेल्या. त्यांच्या पिढीतल्या कित्येक बायकांचा मागे उरतो तो फक्त रेशनकार्डावरचा किंवा आधारवरचा फोटो.

काही घरांत फोटो नकोच असतो, त्या मताचा आदर आहे. पण जिथे काढतात, तिथे उजेडाचा थोडा विचार व्हावा.

फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा उरतो. म्हणून पुढचा मुलगा पांढरा पडतो आणि मागे दारात उभी असलेली दादी अंधारात जाते. फ्लॅश बंद करा. दादीला खिडकीशी बसवा, पण थेट उन्हात नको. एका बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात सुरकुत्यासुद्धा बोलतात. इफ्तारआधीचं तिरपं ऊन, सहरीच्या वेळचा स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब, हेही करून पाहा. बल्बसोबत ट्यूबलाइट मात्र नको, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर येतो.

आणि चेहरा गोरा करणारा तो फिल्टर काढून टाका. सावळा रंग म्हणजे दुरुस्त करायची चूक नव्हे. दादी जशी आहे तशीच नातवंडांपर्यंत पोहोचली पाहिजे. तिला विचारा, मगच फोटो काढा. आणि एक तरी छापून घ्या.