भिंतीतलं कपाट कुणाचं?

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाची बोलणी झाली. मुलाकडची माणसं शिकलेली, बोलायला गोड. "आम्हाला हुंडा-बिंडा काही नको," ते म्हणाले. "मुलांच्या बेडरूममध्ये भिंतीतली कपाटं तेवढी करून द्या. वापरणार तुमचीच मुलगी ना!" भावाने लगेच मान डोलावली. मी मात्र अस्वस्थ झाले.

आमच्या पिढीला लग्नात लोखंडी कपाट मिळायचं. अवजड, जागा खाणारं, वर बॅगा आणि मागे जळमटं. त्या प्रथेचं मी समर्थन करत नाही. पण त्या कपाटात एक गुण होता, ते उचलता यायचं. सल्ला केंद्राच्या कामात मी स्वतः दोनदा टेम्पो घेऊन गेले आहे. कपाट, शिलाई मशीन, भांडी असं बाईचं सामान यादीबरहुकूम बाहेर काढलं आहे. स्त्रीधन बाईच्या एकटीच्या मालकीचं, सासरचे फार तर ते सांभाळणारे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली मॅजिस्ट्रेट ते परत करण्याचा आदेश देऊ शकतात.

पण भिंतीला ठोकलेलं प्लायवूड परत कसं मागणार? त्या भिंतीच्या मापाने कापलेल्या फळ्या दुसऱ्या घरात बसत नाहीत. शिवाय घराच्या कायमच्या सोयीसाठी जे पक्कं जोडलं, ते कायद्याच्या नजरेत घराचाच भाग ठरू शकतं. पैसे मुलीच्या बापाचे, फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. किंमत वाढली ती फ्लॅटची. मुलीच्या हाती काय राहिलं? आणि लग्नाची अट म्हणून मागितलेली वस्तू, तिला 'फर्निचर' म्हटलं तरी १९६१ च्या कायद्याप्रमाणे हुंडाच असते.

अशा कपाटांना माझा विरोध नाही. दहा बाय दहाच्या खोलीत छतापर्यंत कपाट केलं तर जागा वाचते, वर-मागे धूळ साचत नाही. पण ती ज्याचं घर त्याने करावीत. किंवा घर दोघांच्या नावावर आणि खर्च दोघांचा असावा. मग मापंही बाईला विचारूनच ठरवावीत. आमच्याकडे सुताराने "साहेब, हँगरचा खण केवढा?" असं यांना विचारलं. पाच फुटी बाईचा हात कुठवर पोचतो, हे कुणीच विचारलं नाही. आजही गोधड्या काढायला मी स्टुलावर चढते. आणि एक तरी कुलपाचा खण तिचा हवा. त्यात तिचं पासबुक, तिची सर्टिफिकिटं, आणि किल्ली तिच्याच कमरेला.

भाची म्हणाली, "आत्या, एवढ्यावरून लग्न मोडायचं?" मी म्हटलं, "मोडू नकोस, पण घर कुणाच्या नावावर आहे, एवढं विचार." तिने विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही. पण आपल्याला हा प्रश्न विचारता येतो, हे तिला कळलं.

मैत्रिणींनो, लेकीला आपखुशीने द्यायचंच असेल तर तिला उचलून नेता येईल असं द्या. बिल तिच्या नावावर घ्या. १९८५ च्या नियमांप्रमाणे भेटवस्तूंची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत माहेरी ठेवा. त्याहून बरं म्हणजे ती रक्कम तिच्या खात्यात भरा. कपाट काय, नंतरही होईल.