पापणी कोणाची लवली?

अमेरिकेची एक लाडकी कथा काही केल्या माझ्या गळी उतरत नाही. १९६२ चा ऑक्टोबर. इकडे आपली दिवाळी, आणि तिकडे क्यूबातील रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर! केनेडींनी म्हणे डोळ्याला डोळा भिडवला, क्रुश्चेव्हची पापणी लवली, आणि जग वाचले.

घडले ते निराळेच. २७ तारखेच्या संध्याकाळी अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट यांनी सोव्हिएत राजदूत डोब्रीनिन यांना शब्द दिला : तुर्कस्तानातील आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत हलवू, मात्र कुठे ब्र काढायचा नाही. दुसऱ्याच दिवशी क्रुश्चेव्हने माघार जाहीर केली. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातील पंधराच्या पंधरा क्षेपणास्त्रे उतरलीही! सौदाच हा, आणि शहाणपणाचा सौदा. देवघेव करून जग वाचवले, यात लाजायचे काय?

पण लाजले खरे. असाच सौदा आधी सुचवणाऱ्या अ‍ॅडले स्टीव्हन्सनवर त्याच डिसेंबरात एका बड्या साप्ताहिकातून भित्रेपणाचा शिक्का मारला गेला. उपाध्यक्ष जॉन्सन यांनाही अंधारात ठेवले. पुढे तेच अध्यक्ष झाले, आणि ‘ताठ उभे राहिले की शत्रू वाकतो’ हा खोटा धडा घेऊन व्हिएतनामात शिरले, असे माझे स्पष्ट मत आहे. रॉबर्ट यांच्या पश्चात १९६९ साली निघालेल्या ‘थर्टीन डेज’मधून सौद्याचा उघड उल्लेख सोरेन्सन यांनी गाळला. त्याची कबुली दिली ती १९८९ साली, तीही मॉस्कोत! तोवर अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन पोरे व्हिएतनामपायी मातीआड गेली होती. व्हिएतनामींची मोजदाद कोण ठेवतो?