विजेची डोंगर-सायकल : गुण किती, दोष किती?



अंबरनाथहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान कारखान्यात फिटर आहेत, मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. या मुलाने मोबाईलवर डोंगर चढणारी विजेची सायकल पाहिली आणि नोकरी लागताच पहिल्या पगारापासून हप्त्याने तीच घेणार असे घरात जाहीर करून टाकले. भगिनी लिहितात, "किंमत दहा-अकरा लाख सांगतो. पोरगा आमची थट्टा करतो की खरेच अशी सायकल असते?"

खरेच असते. एवढेच नव्हे, तशा एका सायकलवर आम्ही बसलोही आहोत, आणि तिच्यापायी आमच्या अक्काच्या घरात तीन वर्षे जी धुसफूस चालली तिचे आम्ही साक्षीदार आहोत. म्हणून हा विषय आज घेतला.

आधी मुलाचे म्हणणे तपासू. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या स्पेशलाइज्ड कंपनीने २०२१ साली टर्बो लेवो या सायकलीची तिसरी आवृत्ती काढली. तिच्यातील सर्वांत वरच्या, एस-वर्क्स नावाच्या नमुन्याची तिकडची किंमत होती १५,००० डॉलर. त्या वर्षीच्या भावाने हे अकरा लाख रुपयांच्या घरात जाते. तेव्हा मुलगा थापा मारत नाही. सांगाडा कार्बन धाग्यांचा, पुढच्या चाकाला १६० आणि मागच्याला १५० मिलिमीटर दबणारे सस्पेन्शन, गिअर बदलायला तार नाही, सगळे बिनतारी. मधोमध, पेडलच्या दांड्याजवळ मोटार. आणि खालच्या जाड नळीच्या पोटात ७०० वॉट-तासांची बॅटरी.

या ७०० वॉट-तासांचा हिशोब घरच्या भाषेत करू या. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे अकरा लाखांच्या या सायकलीची पूर्ण भरलेली बॅटरी एक युनिटसुद्धा वीज खात नाही! ७५ वॉटचा छताचा पंखा नऊ-सव्वानऊ तास फिरवायला जेवढी वीज लागते तेवढीच. विजेच्या खर्चाने कोणी बुडत नाही. बुडायचे असेल तर ते दुसऱ्या बाजूने.

ही मोटार स्कूटरसारखी कान पिळून चालत नाही. तुम्ही पाय मारला की पेडलच्या दांड्यावर किती जोर आला ते आतले यंत्र मोजते आणि त्या प्रमाणात मोटार आपला जोर मिसळते. पाय थांबले की मोटार थांबली. युरोपात कायद्याने तिची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद पडते आणि मोटारीची नोंदवलेली शक्ती २५० वॉट असते. मात्र चढावर थोडा वेळ ती याच्या दुपटीहून अधिक जोर लावते. लेवोच्या त्या मोटारीचा कमाल जोर ५६५ वॉट आहे. धडधाकट माणूस तासभर टिकेल असा जोर काढतो तो शंभर-दीडशे वॉटचा. म्हणजे चढाला आपल्यासारखे तीन-चार जण मागून ढकलत आहेत असे समजा.

डोंगरावरच्या सायकलीचा जन्मसुद्धा गमतीचा आहे. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात मरिन परगण्यातल्या टमाल्पाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली ट्रकमधून वर न्यायचे आणि उतारावरून शर्यत लावत खाली यायचे. मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जायचे, ते दर खेपेला पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. वर चढणे हे तेव्हाही अवघडच होते, म्हणून तर ट्रक होता. आजच्या विजेच्या सायकलीत तो ट्रक नळीच्या पोटात घातला आहे, एवढाच काय तो फरक.

आता अक्काच्या घरची गोष्ट.

आमचा भाचा जर्मनीत फ्रायबुर्गजवळ एका कारखान्यात तंत्रज्ञ आहे. दाजी रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षे एकाच काळ्या सायकलीवर कामाला गेले, आणि पंक्चरपासून चाकाच्या आऱ्या बदलण्यापर्यंत सगळे स्वतः करीत. भाचा दरमहा दोनशे युरो घरी पाठवायचा. त्यात धाकटीची नर्सिंगची फी निघत असे. २०२२ च्या उन्हाळ्यात हे पैसे एकाएकी शंभरावर आले. अक्काने फोनवर खोदून विचारले तेव्हा कळले की पोराने सायकल घेतली, सात हजार दोनशे युरोची. अक्काचे वाक्य आम्हांला अजून आठवते. "सायकलीला पण हप्ता? तुझ्या बापाने सायकल रोख घेतली होती रे!"

हा हप्ता कसा असतो तेही सांगायला हवे, कारण आपली बरीच मुले तिकडे जात आहेत. जर्मनीत मालक कंपनी सायकल भाडेपट्ट्याने घेते आणि कामगाराला वापरायला देते, बहुधा ३६ महिन्यांसाठी. भाडे कामगाराच्या ढोबळ पगारातून, कर लागण्याआधी कापले जाते, म्हणून ते स्वस्त वाटते. खरोखरच बऱ्यापैकी स्वस्त पडतेही. पण ढोबळ पगार कमी झाला की त्यावर ठरणारी पेन्शनची वर्गणीसुद्धा थोडी कमी होते, ही गोष्ट दुकानातला माणूस ठळक अक्षरांत सांगत नाही. शिवाय मुदत संपेपर्यंत सायकल तुमची नसते. भाच्याच्या हातात येणारा पगार दरमहा सव्वाशे-दीडशे युरोने घटला.

अक्काने आम्हांला गळ घातली, "तू मामा आहेस, तूच त्याला दोन शब्द सांग." आम्हीही चांगले कडक शब्द ठरवून ठेवले. २०२३ साली तिकडे जाण्याचा योग आला तेव्हा ते सोबत घेऊनच गेलो.

शनिवारी सकाळी भाचा आम्हांला शहराबाहेर घेऊन गेला. शाउइन्सलांड नावाचा डोंगर, उंची १२८४ मीटर. शहर २८० मीटरच्या आसपास, म्हणजे चढ हजार मीटरचा. भाच्याचा उजवा गुडघा पुण्यात असताना अपघातात निकामी व्हायच्या बेतात होता. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी पळणे बंद करून सायकल चालवायला सांगितले. कारखान्यातले सोबती दर शनिवारी डोंगरावर सायकलने जातात. पहिली दोन वर्षे हा साध्या सायकलवर अर्ध्या वाटेतून परत फिरायचा आणि खोलीवर एकटा बसून राहायचा. तो म्हणाला, "मामा, तुम्ही पैशांबद्दल बोला, मी ऐकून घेतो. पण वर पोहोचल्यावर चहा प्यायला बसतात ना, तिथे आता मीही असतो. सोमवारी कामावर त्यांच्या बोलण्यात मीही असतो."

आमचे कडक शब्द तिथेच निम्मे झाले.

मग त्याने आम्हांला सीटवर बसवले. आमचे वय साठीच्या पुढचे, सायकल सोडून वीस वर्षे झालेली. चढाला पाय मारला आणि खरे सांगतो, पाठीवर कोणी तरी हात ठेवल्यासारखे वाटले. पाऊण किलोमीटर चढलो, धाप लागली पण छाती भरून आली नाही. फुकटचा प्रवास मात्र नव्हे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०१९ साली ३३ सायकलस्वारांवर अभ्यास केला. विजेच्या डोंगर-सायकलवर त्यांच्या हृदयाचे ठोके साध्या सायकलच्या तुलनेत सरासरी ९४ टक्के भरले. म्हणजे व्यायाम होतो. कळत मात्र नाही. ज्यांचा गुडघा, वय किंवा दम साथ देत नाही त्यांच्यासाठी हा मोठाच गुण आहे, आणि तो आम्ही कमी लेखणार नाही.

बॅटरी किती पुरते? माणूस, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून १०० किलो धरा. तेवढे वजन १००० मीटर वर न्यायला २७२ वॉट-तास लागतात. चाकांच्या घर्षणात आणि मोटारीच्या उष्णतेत जाते ते वेगळे, आणि तुमचे पाय जेवढे देतील तेवढे वजा. भाच्याचा अनुभव असा की पूर्ण मदत घेतली तर दुसऱ्या चढाईच्या शेवटी बॅटरी मान टाकते. बेताने वापरली तर आणखी पुरते. थंडीत कमी.

आणि मान टाकली की मग खरा दोष समोर येतो. या सायकलींचे वजन वीस ते चोवीस किलो. ती अकरा लाखांची लेवोसुद्धा २२ किलोच्या आसपास आहे. दाजींची काळी सायकलही जवळपास तेवढीच भरेल, पण दाजी ती घेऊन डोंगर चढत नव्हते. भाचा तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. शनिवारी डोंगर चढून आल्यावर दुखऱ्या गुडघ्याने ते धूड तीन जिने वर न्यायचे, कारण तळघरात ठेवली तर चोरीची भीती! सपाट रस्त्यावर २५ चा वेग ओलांडला की मोटार हात काढून घेते आणि जाड खाचांच्या टायरांसह सगळे ओझे तुमच्या पायांवर येते. कामावर जायला ती सोयीची नाही. आणखी गंमत म्हणजे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताच्या वनकायद्याने जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला मनाई आहे, खास आखून दिलेले मार्ग सोडून. अरुंद वाटांसाठी बनवलेली सायकल घ्यायची आणि रुंद वाटेने चालवायची!

मोटारीचा जोर चेनमधूनच मागच्या चाकाला जातो, म्हणून चेन आणि मागची दातेरी चक्रे लवकर झिजतात. ती बदलता येतात. मोटारीचे तसे नाही. दुसऱ्या हिवाळ्यात भाच्याच्या सायकलीची मोटार कुरकुरू लागली, मग पडद्यावर चुकीचा आकडा दाखवून बंद पडली. (त्याची सायकल लेवो नव्हे, दुसऱ्या कंपनीची आहे, नाव सांगत नाही.) गॅरंटी होती, पैसे पडले नाहीत. पण मोटार उघडून पाहायची मुभा कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला नाही. ती सबंध काढून कंपनीकडे जाते. सात आठवडे सायकल दुकानात पडून होती आणि पगारातली कपात महिन्याच्या महिन्याला चालूच होती. दाजींनी फोनवर विचारले, "पाना नाही का तुझ्याकडे?" भाचा हसला, पण दाजी हसले नव्हते.

बॅटरीचेही आयुष्य मोजके. काही वर्षांत तिची ताकद कमी होते आणि नवी घ्यायला आठशे ते हजार युरो पडतात. त्यातच नवे नमुने भराभर येतात. २०२१ च्या लेवोचा पिळाचा जोर ९० न्यूटन-मीटर होता, तो वरच्या रांगेतला मानला जाई. २०२४ साली ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने १०५ ची मोटार आणली. जुन्या सायकलीचा भाव अशाने पडतो.

अक्का एकदा म्हणाली, "मग सुट्टीला येताना इकडे घेऊन ये, निदान घरात तरी दिसेल." तेही होत नाही. १६० वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात सामानाबरोबर नेता येत नाही.

एक गोष्ट मात्र अंबरनाथच्या मुलाने नीट वाचावी. अकरा लाखांची जमत नाही म्हणून बाजारात कुठली तरी स्वस्त बॅटरी जोडून सायकल करून घेण्याचा मोह त्याला होईल. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या २६८ आगी लागल्या, १८ माणसे दगावली. त्याच वर्षी तिथे प्रमाणपत्र नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी आली. महागड्या सायकलींच्या बॅटऱ्या तपासून प्रमाणित केलेल्या असतात, हा त्यांचा गुण मान्य केला पाहिजे. आपल्या एका खोलीच्या घरात दाराजवळ, सगळे झोपलेले असताना, कुठलीही अशी बॅटरी चार्जिंगला लावू नये. आग लागली तर दारच बंद होते.

आमचे मत विचाराल तर मोटारीचा जो खरा उपयोग आहे तो तीन हजार युरोच्या सायकलीतही मिळतो, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या. वरचे चार-पाच हजार, आणि अकरा लाखवालीचे तर त्याहून किती तरी जास्त, हे कार्बनचे, बिनतारी गिअरचे आणि उतारावर उड्या मारणाऱ्यांचे पैसे आहेत. आमचा भाचा उड्या मारत नाही. हे त्याला आम्ही डोंगरावरच सांगितले, आणि त्याने मान्यही केले, पण तोवर ३६ महिन्यांच्या कागदावर सही झालेली होती.

२०२५ च्या उन्हाळ्यात मुदत संपली. आता दोनच वाटा : उरलेली रक्कम भरून सायकल ठेवायची किंवा परत द्यायची. धाकटीचे शेवटचे वर्ष, फी भरायची होती. भाच्याने फोनवर सांगितले, "परत देतो. साधी घेईन." आम्हांला वाटले अक्का सुटकेचा नि:श्वास सोडील. ती काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आणि गुडघ्याचं काय? शनिवारी पुन्हा खोलीवर बसणार का?"

शेवटी असे ठरले की सायकल परत द्यायची आणि फी भरून झाल्यावर जुन्या बाजारातली स्वस्त, पण मोटारवाली घ्यायची, रोखीने. भाचा सध्या तशी शोधतो आहे. आम्ही त्याला कळवले आहे की दुकानातून बॅटरीची तपासणी करून मूळच्या किती टक्के ताकद उरली ते लेखी घे, मोटार किती किलोमीटर चालली ते पडद्यावर बघ, आणि पैसे देण्याआधी ती तीन जिने उचलून वर नेऊन पाहा.