तसबिरीला हार आणि भावाशी अबोला



रविवारी आपण ख्रिस्तशरीर स्वीकारतो आणि सोमवारी घरकामाच्या बाईचा एक खाडा झाला म्हणून तिचा पगार कापतो. संध्याकाळची जपमाळ चुकत नाही, पण घराच्या वाटणीवरून दुरावलेल्या सख्ख्या भावाचा फोन आपण उचलत नाही. तरीही म्हणतो, आमचे जीवन ख्रिस्तकेंद्री आहे! आम्ही धर्मशिक्षकही यातून सुटलेलो नाही. मुलांच्या प्रार्थना पाठ झाल्या की आम्ही खूश. तीच मुले घरी काय पाहतात, हे आम्ही विचारत नाही.

संत पौल फिलिप्पैकरांना लिहितो (२:५-८) की ख्रिस्ताची चित्तवृत्ती तुमच्यात असावी. ती कशी, हेही तो तिथेच सांगतो. ख्रिस्ताने आपला मोठेपणा धरून ठेवला नाही. तो दास झाला आणि क्रूसापर्यंत गेला. म्हणजे मिस्सेत डोळे भरून आले, एवढ्याने ही चित्तवृत्ती आपल्यात आली असे होत नाही. आपला मान, आपला हट्ट आपण कुठे सोडला, ते पाहावे लागते.

याचा दाखला आपल्या अगदी जवळचा आहे. नानाखेडा बसस्थानकावरून आपण इंदूरची बस धरतो. शेजारच्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून अशाच इंदूरच्या बसने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया निघाल्या होत्या. प्रवाशांच्या देखत त्यांना भोसकून मारण्यात आले. त्यांचा अपराध काय? गरीब आदिवासींना त्यांनी बचत, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना समजावून सांगितल्या. सावकारांना ते खुपले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला त्यांना धन्य घोषित करण्यात आले. आपण तसबीर लावली, हार घातला आणि मोकळे झालो.

आमचा आक्षेप इथेच आहे. "त्या संत, आम्ही प्रपंचातली माणसे," असे आपण म्हणतो. हे बोलणे नम्र वाटते, पण ती पळवाट आहे. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ साली राखीपौर्णिमेला इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधून त्याला भाऊ मानले. पुढे त्याच्या सुटकेसाठीही त्यांनी साथ दिली. २००६ साली तो सुटला. राखी तर आपल्या ओळखीच्या प्रत्येक घरात असते! खुनानंतर त्या राखीला सात वर्षे लागली. क्षमेला वेळ लागतो, हे मान्य. पण आपण तर अजून घरातून निघालेलोच नाही.

कोणी म्हणेल, मग अन्याय मुकाट सोसायचा का? मुळीच नाही. राणी मारियांनी सावकारी मुकाट पाहिली नाही. अन्यायाला विरोध करूनही अन्याय करणाऱ्याला भाऊ मानता येते, हे या दोघी बहिणींकडून शिकावे.

वेदीपाशी भावाची तक्रार आठवली तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). म्हणून येत्या रविवारच्या मिस्सेआधी दोनच कामे करू या: कापलेला पगार परत देऊ आणि तो एक फोन लावू.

हे प्रभू येशू, आमचे ताठ मन वाकव. आमेन.