आजीचा आवाज आणि ढोलकी

मागच्या वेळी आपण फोनवर आवाज स्वच्छ कसा टिपायचा ते पाहिलं. पंखा बंद करायचा, भांड्यांच्या जवळ बसायचं नाही, वगैरे. आज पुढचं पाऊल. टिपलेले आवाज कॉम्प्युटरवर एकत्र कसे करायचे, आणि मुख्य म्हणजे ते जपून कसे ठेवायचे. हे मी तुम्हांला का सांगते आहे, तर माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवते. २०१९ साली आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव नको, चिमणी म्हणू या. चिमणीच्या आजीला जात्यावरच्या ओव्या इतक्या येत, की दळण संपे पण ओव्या संपत नसत. ‘बाई, माझ्या आजीचं गाणं कॉम्प्युटरमध्ये घालायचं का?’ असं चिमणीनंच विचारलं. मीही लगेच हो म्हटलं.

शाळेच्या कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर होतं. ते फुकट मिळतं. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉजर डॅनेनबर्ग आणि डॉमिनिक मॅझोनी या दोघांनी ते बनवायला घेतलं. पडद्यावर एकाखाली एक पट्टे दिसतात, त्यांना ट्रॅक म्हणायचं. पहिल्या पट्ट्यात आम्ही आजींचा आवाज घेतला. दुसऱ्यात नुसती जात्याची घरघर. तिसऱ्यात एका मुलाची ढोलकी. त्यानं कानाला हेडफोन लावून आजींचं गाणं ऐकत ऐकत वाजवली. चौथ्यात मुलींचा कोरस. (ओवीला ढोलकी कशाला, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. तो माझा हौशीपणा!)

पूर्वी ही सोय नव्हती हं. बालगंधर्व सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. सातारकरांनो, आपलं नागठाणे नव्हे, पलूस तालुक्यातलं. त्यांच्या तरुणपणी ध्वनिमुद्रण करताना गायक आणि साथीदार सगळे एका मोठ्या कर्ण्यासमोर बसत. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तबलजी चुकला तर गायकानंही पुन्हा पहिल्यापासून गायचं! पुढे अमेरिकेतल्या लेस पॉल नावाच्या गिटारवादकानं एकट्यानंच वाजवलेले आठ गिटारांचे थर एकावर एक चढवून १९४८ साली एक तबकडी काढली. पण त्याचे सगळे थर एकाच तबकडीत मिसळून जात. मधला एक थर चुकला की काम मुळापासून. आपले पट्टे मात्र वेगवेगळे राहतात. ढोलकी चुकली तर फक्त ढोलकी पुन्हा वाजवायची.

पण ते वेगळे राहतात कधी? नीट ठेवले तर. इथेच खरी गोम आहे.

फाइल मेनूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ‘सेव्ह प्रोजेक्ट’ आणि दुसरी ‘एक्स्पोर्ट’. सांगलीचं भडंग आठवा. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट, तेल सगळं वेगवेगळ्या डब्यांत आहे, तोवर तिखट कमी-जास्त करता येतं. ते डब्यांचं फडताळ म्हणजे प्रोजेक्ट. एकदा सगळं कढईत कालवलं की झालं भडंग. ते म्हणजे एक्स्पोर्ट केलेली फाइल. भडंग पाहुण्यांना देता येतं, फडताळ देता येत नाही. म्हणजे प्रोजेक्टची फाइल फोनवर वाजत नाही. ती ऑडॅसिटीतच उघडायची. मामाला पाठवायला एमपी३ लागते. पण एमपी३ मधून तिखट परत काढता येत नाही.

जागा किती लागते ते गणितानं पाहू. हे सॉफ्टवेअर नेहमीच्या मांडणीत एका सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं घेतं आणि प्रत्येक माप ४ बाइटांत ठेवतं. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, आणि मिनिटाला एक कोटीच्या वर. आमचे चार पट्टे तीन-तीन मिनिटांचे. बारा मिनिटांचे सव्वाशे एमबीच्या आसपास झाले. त्याचीच एमपी३ केली, १२८ केबीपीएसची, ती भरली सुमारे ३ एमबी. एमपी३ कानाला फारसे न जाणवणारे बारकावे टाकून देते, म्हणून इतकी लहान. मधला मार्ग वेव्ह फाइलचा. ती मोठी असते, पण काही टाकून देत नाही.

आता माझी चूक. मी प्रोजेक्ट सेव्ह केला होता! त्या काळच्या ऑडॅसिटीत प्रोजेक्टचे दोन भाग असत. ‘एयूपी’ नावाची एक चिमुकली फाइल, आणि शेजारी ‘डेटा’ नावाचा फोल्डर. खरा आवाज त्या फोल्डरमध्ये. मी पेनड्राइव्हवर फक्त ती फाइल घेतली. पुढे शाळेचा कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्तीत सगळं पुसलं गेलं. मी निर्धास्त होते, पेनड्राइव्ह आहे ना!

२०२२ च्या पावसाळ्यात चिमणीच्या आजी गेल्या. काही दिवसांनी चिमणी घरी आली. म्हणाली, ‘बाई, मोबाइलवरच्या गाण्यात ढोलकीच फार ऐकू येते. ती काढून नुसती आजी द्या ना.’ सांगलीला माहेरी गेले तेव्हा भावाच्या कॉम्प्युटरवर मी पेनड्राइव्ह लावला. पट्ट्यांची नावं दिसली. आवाज नव्हता. डब्यांवरच्या चिठ्ठ्या होत्या, डबे नव्हते.

हल्ली मिश्रणातून आवाज वेगळा काढणारी नवी साधनं आली आहेत. तीही वापरून पाहिली. आजींचा आवाज आला, पण विहिरीच्या तळातून यावा तसा, आणि जात्याची घरघर त्याला चिकटलेली. चिमणीनं ऐकलं. काही बोलली नाही. मलाही काही सुचेना.

मार्च २०२१ मध्ये आलेल्या ऑडॅसिटी ३.० पासून हे दोन भाग गेले. आता ‘एयूपी३’ नावाची एकच फाइल असते, आवाज तिच्यातच. तरीही एक सवय लावून घ्या. एक्स्पोर्ट करताना प्रत्येक पट्ट्याची वेगळी वेव्ह फाइल काढायची सोय आहे, तीही वापरा. उद्या हे सॉफ्टवेअर असो-नसो, वेव्ह कुठेही वाजेल. आणि एक्स्पोर्टच्या आधी ‘म्यूट’चं बटण पाहा. मुका केलेला पट्टा एकत्र फाइलमध्ये येत नाही. आमचा कोरस एकदा असाच गायब झाला होता, मुली दोन दिवस रुसल्या होत्या.

ओव्या जपणारी मोठी माणसंही आहेत बरं का. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या येत गेल्या. घरच्यांना सांगून जरूर ऐका.

चिमणी आता दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आईला घेऊन आली. आईला आजींच्या चार ओव्या येतात, तीन नीट आणि एक अर्धी. आम्ही त्या टिपल्या. ढोलकी नाही, कोरस नाही. चिमणीनं स्वतः प्रोजेक्ट सेव्ह केला, वेव्ह काढली, दोन पेनड्राइव्हवर घेतली. मी चहा टाकायला उठले, तर म्हणाली, ‘थांबा बाई, आधी तुमच्या लॅपटॉपवर लावून बघू.’ दोन्ही पेनड्राइव्ह लावून, चारही ओव्या शेवटपर्यंत ऐकूनच ती उठली.